'ओढ' की 'सोड'

शुक्रवार, दुपारचे चार वाजून वीस मिनिटं. सोफ्याचा उघडा सांगाडा भिंतीला टेकवलेला आहे. त्याच्या खालच्या फळीवर खुंटाकाकांनी उजवा पाय रोवलाय, नवारीची पट्टी मुठीत आवळलीय आणि ते मागे कलले आहेत. इतके मागे, की पट्टी तुटली तर थेट मागच्या काथ्याच्या ढिगात बैठक मारतील. पट्टी तुटत नाही. ताण तसाच ठेवून ते ओठांत धरलेल्या चुकांमधली, म्हणजे बारीक खिळ्यांमधली, एक काढतात, ठोकतात आणि पुढच्या पट्टीला हात घालतात.

काकांचं वय बासष्ट. धंदा सोफे, खुर्च्या आणि मोटारींच्या गाद्या नव्यानं बांधून देण्याचा. "जन्मभर ओढतोय," असं ते म्हणतात तेव्हा ते रडगाणं नसतं, कामाचं वर्णन असतं.

रविवारी मंडळाच्या मैदानावर ते याच पवित्र्यात दिसतात, फक्त हातात नवारीऐवजी मनगटाएवढा जाड दोर असतो. रस्सीखेचीत सगळ्यात शेवटी जो उभा राहतो, दोर पाठीवरून आणि काखेखालून घेऊन, त्याला इथे खुंटा म्हणतात. पुढचे सात जण घसरतात, एकमेकांच्या पायांवर पाय देतात, देवाला हाका मारतात. खुंट्यानं हलायचं नसतं. काका वीसेक वर्षं हललेले नाहीत. त्यांचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय.

मंडळ पाण्याच्या टाकीमागे आहे. पत्र्याची एक शेड, बॅडमिंटनची दोन कोर्टं, एका पायाखाली पुठ्ठा सरकवलेलं टेबल टेनिसचं टेबल आणि मधे मैदान. नाव 'कुटुंब क्रीडा मंडळ'. घरटी सभासदत्व असल्यामुळे कुणी एकटा येऊच शकत नाही. आजोबा चालायला येतात, नात त्यांच्या पुढे सायकल चालवते, आई शटल मारते आणि वडील पाण्याच्या बाटल्या सांभाळतात. वर्षातून एकदा पुलापलीकडच्या मंडळाशी रस्सीखेचीचा सामना असतो. संघ आठ जणांचा, त्यात बायका किमान तीन. जिंकणाऱ्याला शील्ड मिळते. ती सध्या पुलापलीकडे आहे. कशी गेली, ते सांगायचं तर आधी काकूंबद्दल सांगावं लागेल.

काकू म्हणजे खुंटाकाकांच्या पत्नी. त्या बसस्थानकावर घोषणा करतात. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागलीय, किती उशिरानं सुटेल, कुणाची छत्री चौकशी खिडकीवर जमा आहे, हे सगळं त्यांच्या आवाजात. त्यांचं ऐकून चुकीच्या गाडीत बसला असा प्रवासी आजवर निघालेला नाही, असं त्या सांगतात आणि स्थानकप्रमुखही ते नाकारत नाहीत. असा आवाज मंडळात असताना संघाला ओरडून दम देणारा दुसरा कोण शोधायचा? त्या दोराच्या बाजूला उभ्या राहतात आणि चार शब्द म्हणतात. धर. ताण. ओढ. सोड.

हे शब्द त्यांनीच ठरवले. घरात नवऱ्याला 'अहो' म्हणणाऱ्या बाईनं चारचौघांत 'ओढ' कसं म्हणायचं, म्हणून पहिल्या वर्षी 'ओढा' आणि 'सोडा' म्हणून पाहिलं होतं. 'सोडा' म्हटलं की समोरचा संघ विचारायचा, "कपडे धुवायचा की खायचा?" तेव्हापासून दोरावर अरे-तुरे सुरू झालं. मंडळातल्या इतर बायकांना या गोष्टीचा थोडा हेवाच वाटतो. आठवड्यातून एकदा नवऱ्यावर एकेरीत ओरडायचं आणि वर लोकांनी टाळ्या वाजवायच्या, ही सोय सगळ्यांना नसते.

गेल्या वर्षीचा सामना. एक डाव आपला, एक त्यांचा. तिसऱ्या डावात आपण जवळजवळ रेषेपर्यंत आणलेलं. तेवढ्यात समोरच्या संघातल्या एका बाईंचा बूट निघाला, म्हणून पंचांनी शिट्टी वाजवून डाव थांबवला. काकू म्हणाल्या, "सोड." सात जणांनी सैल सोडलं, समोरच्यांनीही सोडलं. खुंटाकाकांनी मात्र होता नव्हता तेवढा जोर लावून ओढलं. समोरचा अख्खा संघ, बूट शोधायला वाकलेल्या बाईंसकट, तोंडावर पडला. कुणाला लागलं नाही. पंचांनी डाव पुलापलीकडच्यांना दिला, आणि डावाबरोबर शील्डही.

"ती 'ओढ' म्हणाली," काका म्हणाले.

"मी 'सोड' म्हटलं," काकू म्हणाल्या.

गेलं वर्षभर त्या घरात याहून पुढे चर्चा गेलेली नाही. कारण साधं आहे. काकूंचं खरं मानलं तर काकांचे कान गेले. काकांचं खरं मानलं तर काकूंचा आवाज गेला. आणि काकूंची तर नोकरीच आवाजाची. पंचांच्या शिट्टीबद्दल विचारलं, तर काका शांतपणे सांगतात, "मैदानावर दिवसभर शिट्ट्याच वाजत असतात. मी शिट्ट्या ऐकत नाही. मी हिचं ऐकतो."

दुकानाच्या बाजूनं पाहिलं तर पुरावा काकांच्या विरुद्ध आहे. रेडिओ एवढा मोठा असतो, की रस्त्यापलीकडचा औषधवाला बातम्यांसाठी स्वतःचा रेडिओ लावत नाही. काकांच्या मते हल्लीचे निवेदक पुटपुटतात. गेल्या महिन्यात दोन गिऱ्हाइकं सात तारखेला खुर्च्या न्यायला आली आणि हात हलवत परत गेली. दोघांनाही काकांनी एकच सांगितलं, "तुम्ही आठ म्हणाला होतात." दोघांनीही 'सात'च म्हटलं होतं. 'सात' आणि 'आठ', 'सोड' आणि 'ओढ'. काकांच्या कानांतून नेमका 'स' बाहेर पडलाय, हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. त्यांना सांगायला मात्र लागेल.

साडेचारला मंडळाचे सेक्रेटरी दुकानात आले. दोन दुकानं सोडून त्यांचं केस कापायचं दुकान आहे. बोलणं मऊ, पाण्याचा फवारा मारून मग कात्री लावल्यासारखं.

"काका, खेळीमेळीनं घ्या हं."

सेक्रेटरी असं म्हणाले की ऐकणाऱ्यानं आधी बसून घ्यावं, असा मंडळात अनुभव आहे. काका बसले नाहीत.

"तुमचा मुलगा म्हणतोय, यंदा त्याला नको."

"त्याला विचारतंय कोण?"

"त्याच्या जागी सूनबाईला घेऊ. गेल्या वर्षी तो आजारी होता म्हणून ऐन वेळी आली, पण काय ओढलं तिनं."

"घ्या की."

सेक्रेटरींनी खुर्चीच्या फाटक्या हातावर बोट फिरवलं आणि घरून तयार करून आणलेलं वाक्य हलक्या आवाजात सांगितलं. रेडिओवर शेअर बाजार चालू होता.

"काय?" काका म्हणाले.

सेक्रेटरींनी पुन्हा सांगितलं, थोडं मोठ्यानं.

"काय म्हणता?"

"खुंट्याच्या जागीही तिलाच उभं करावं म्हणतोय!"

हे औषधवाल्यानं ऐकलं. त्याच्या दुकानातल्या तीन गिऱ्हाइकांनीही ऐकलं. काकांनी रेडिओ बंद केला. ओठांतल्या चुका एकेक करून डबीत ठेवल्या.

"खुंटा हलवून बळकट करताय की उपटताय?"

"तसं नाही हो. आज संध्याकाळी मुद्दाम जादा सराव ठेवलाय. दोन-तीनदा ओढून बघू. काकू 'सोड' म्हणाल्या आणि तुम्ही सोडलंत, तर जागा तुमची, वर्षभर कुणी शब्द काढणार नाही. नाहीतर सूनबाई."

"ती 'सोड' म्हणाली तर मी सोडतोच."

"तेच तर बघायचंय."

मुलाबद्दल थोडं सांगायला हवं. तो एका वास्तुरचनाकाराकडे नकाशे काढतो. हडकुळा आहे. दोर ही पार्सल बांधायची वस्तू आहे असं त्याचं मत. बायको टपाल कार्यालयात पार्सल विभागात, दिवसभर पोती उचलणारी. दोराचं आकर्षण सगळं तिच्याकडे गेलं असावं. मुलगा मात्र सोळाव्या वर्षापासून सातव्या जागेवर उभा आहे, खुंट्याच्या बरोबर पुढे, कारण तिथून पळून जाता येत नाही. "माझ्या पुढे उभा राहून हा दोराला लटकतो," असं काका सगळ्यांना सांगत आलेत. "माझा अर्धा जोर पुलापलीकडच्यांना ओढण्यात जातो आणि अर्धा ह्याला." ही तक्रार मंडळातल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे.

संध्याकाळी मैदानावर दिवे लागले. सरावाला समोर बॅडमिंटनवाले उभे राहतात. हौसेनं नव्हे, कोर्टाच्या दिव्यांचं बटण सेक्रेटरींच्या ताब्यात असतं म्हणून. मुलगा बाकावर बसला. सून सातव्या जागेवर आली, हातांना माती चोळत. मागे काका. त्यांनी दोर पाठीवरून घेतला, टाचा रोवल्या आणि कुणाकडे न बघता उभे राहिले. सेक्रेटरी स्वतः चौथ्या जागेवर होते, तळहातांना पट्ट्या लावून.

"धर," काकू म्हणाल्या. "ताण. ओढ."

ओढलं. बॅडमिंटनवाले सरकू लागले.

"सोड."

सातांनी सोडलं. काकांनी ओढलं. बॅडमिंटनवाल्यांच्या पुढच्या दोघी घसरत आल्या आणि एकीनं बसल्या जागेवरून विचारलं, "काका, आमचं काय चुकलं?"

"ती 'ओढ' म्हणाली," काका म्हणाले.

दुसऱ्या खेपेला काका सावध होते. फार सावध. काकू "ओढ" म्हणाल्या आणि त्यांनी दोर सैल सोडला. खुंटाच गेल्यावर पुढचे सात जण घसरत रेषेपलीकडे गेले. सेक्रेटरी मातीत गुडघे टेकून म्हणाले, "खेळीमेळीनं घ्या, खेळीमेळीनं." ते कुणाला म्हणाले, ते कळलं नाही.

"हिचा घसा बसलाय," काका म्हणाले.

"माझा घसा?" काकू म्हणाल्या. "दुपारी सव्वीस गाड्या सोडल्या मी या घशानं."

"त्या गाड्यांना कान नसतात."

"असतात हो. तुमच्यापेक्षा बरे असतात."

तेवढ्यात सुनेची लेक सायकलवरून पडली, म्हणून सून तिकडे धावली. सेक्रेटरींनी बाकाकडे पाहिलं. मुलानं आधी मागे पाहिलं, कुणी दुसरं बसलंय का ते. मग उठला, सातव्या जागेवर आला आणि दोर असा धरला जसा पाहुण्याचं ओलं मूल धरावं.

"धर. ताण. ओढ. सोड."

काकांनी सोडलं. तिथल्या तिथे, चोख.

पुन्हा. सोडलं. काकूंनी मधेच उगाच थांबून, घाईत, हळू आवाजात, सगळ्या तऱ्हांनी म्हणून पाहिलं. काका एकदाही चुकले नाहीत. सेक्रेटरींचा चेहरा उजळला. बॅडमिंटनवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"काय म्हणत होतो मी?" काका म्हणाले. "आता घसा उघडला."

काकू काकांकडेच बघत होत्या. त्या बाजूला उभ्या असतात, त्यामुळे दोरावरचे आठही चेहरे त्यांना दिसतात. काकांचे डोळे त्यांच्याकडे नव्हते, समोरच्या संघाकडे नव्हते, दोराकडेही नव्हते. मुलाच्या मानेवर होते. 'सोड' म्हटलं की त्या मुलाची मान आणि दोन्ही खांदे एकदम खाली पडतात, शाळा सुटल्यासारखे. ओढताना त्याच्यात जेवढा जीव नसतो, तेवढा सोडताना येतो. काका वर्षानुवर्षं 'सोड' ऐकत नव्हते, बघत होते. गेल्या वर्षी ती मान तापानं घरी झोपली होती आणि समोर सुनेची मान होती. तिला सोडायची घाई नसते. ज्या आळसाला काकांनी गावभर नावं ठेवली, त्यावरच त्यांची जागा उभी होती. आणि काकांना स्वतःला याचा पत्ता नसावा.

काकूंना हे तिथेच बोलता आलं असतं. वर्षभराचा वाद एका वाक्यात मिटला असता, तोही त्यांच्या बाजूनं, दोन डझन कानांसमोर. त्यांनी पदरानं कपाळ पुसलं आणि सेक्रेटरींना म्हणाल्या, "शब्दच वाईट आहे हा."

"कुठला?"

"सोड. आमच्या स्थानकावर दोन गावं आहेत, नावात एका अक्षराचा फरक. पूर्वी लोक ह्या गावाच्या गाडीत बसून त्या गावाला जायचे. मग मी एका गावाच्या नावापुढे 'घाटावरचं' जोडायला लागले. प्रवाशाला कान धुऊन या असं सांगता येत नाही. शब्द बदलावा लागतो."

"मग काय म्हणायचं?"

काकूंनी क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं. "पुरे म्हणू."

सून परत आली होती. तिला सातव्या जागेवर उभं केलं, मुलाला पुन्हा बाकावर पाठवलं. धर. ताण. ओढ. बॅडमिंटनवाले सरकले.

"पुरे."

काका थांबले. तोंडाशी नेलेला घास थांबावा तसे. त्यात नवल नाही. पाहुण्यांना तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगताना, वाढून घ्यायला चौथ्यांदा हात पुढे करताना, भावाशी फोनवर भांडताना, या एकाच शब्दावर ते पस्तीस वर्षं थांबत आलेत. शिवाय 'पुरे'ला अहोही नाही आणि अरेही नाही. दोरावर चालतो तसा घरातही चालतो. आणखी तीनदा ओढून पाहिलं. तीनही वेळा काका 'पुरे'वर थांबले.

"म्हणजे दोष शब्दाचा होता," काका म्हणाले.

"हो."

"माझा नव्हता."

"शब्दाचा म्हटलं ना."

"मग गेल्या वर्षीही..."

"पुरे."

ते थांबले. सेक्रेटरींनी जाहीर केलं की खुंट्याची जागा आहे तशीच राहील. जाहीर करताना ते स्वतःचे सोललेले तळहात बघत होते.

बाकावरून मुलगा म्हणाला, "मग मी सुटलो ना?"

"सुटलास," सून म्हणाली. "सातवी मी."

"अहो," काकू काकांना म्हणाल्या, "आता त्याला सोडा."

काकांनी मुलाचं कोपर धरलं, त्याला बाकावरून ओढून आणलं आणि आपल्या पुढे दोरावर उभं केलं.

"सोडा म्हणतेय ती, बाबा," मुलगा म्हणाला.

"ऐकलं. ओढतोय ना."

सगळे हसले. मुलगाही, थोड्या वेळानं. हे ऐकू न येणं होतं की ऐकून न घेणं, याचा निकाल लावायला तिथे पंच नव्हते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभ अजून शाबूत आहे. सून एक जागा पुढे सरकली आणि सहावी झाली. आता दोरावर नऊ जण झाले होते. तेव्हा सेक्रेटरींनी मोठ्या मनानं आपली जागा सोडली. केस कापणाऱ्यानं हात जपावेत, असं त्यांना बरेच दिवस वाटत होतं. यंदा ते व्यवस्थापक आहेत.

घरी जाताना काकू म्हणाल्या, "बसस्थानकासमोर तो कानाचा दवाखाना आहे ना, तिथल्या बाकांचं रेक्झिन पार फाटलंय."

"किती बाकं?"

"तीन. डॉक्टरांनी उद्या दहाला बोलावलंय."

काका काही पावलं चालले. पाण्याच्या टाकीपाशी येऊन म्हणाले, "नुसती बाकं बघायला?"

"बाकं बघून झाली की दोन मिनिटं आत बसायचं. इतक्या लांब गेलाच आहात तर."

"इतक्या लांब? पाच मिनिटांवर तर आहे."

"मग तर जायलाच हवं."

"दहाला म्हणालीस?"

"दहाला."

दवाखान्यानं संध्याकाळी सातचीही वेळ देऊ केली होती. काकूंनी ती घेतली नाही. घरात सातचं आठ व्हायला वेळ लागत नाही.

जेवणाआधी काका दुकानात जाऊन आले. सोफ्याची शेवटची पट्टी ठोकायची राहिली होती, ती ठोकली. मापाची टेप शर्टाच्या खिशात टाकली. उद्या सकाळी दहा ते अकरा बसस्थानकावरच्या घोषणा काकूंच्या जागी दुसऱ्या बाई करतील, तशी बदली त्यांनी लावून घेतली आहे. दुकान अकराला उघडेल. खडूनं तसं लिहिलेला पुठ्ठा शटरला लावलेला आहे.